किती कड्या हव्यात?

मराठीच्या विद्यार्थ्याला 'गाइड' हा शब्द दोन अर्थांनी भेटतो. पहिले गाइड परीक्षेच्या आदल्या आठवड्यात भेटते. ते नपुंसकलिंगी असते, त्याचा कागद पिवळट असतो आणि ज्या पुस्तकावर ते बेतलेले असते त्याच्यापेक्षा ते बहुधा जाडजूड असते. दुसरा गाइड पदव्युत्तर वयात भेटतो. त्याच्याकडे भेटीची वेळ मागावी लागते आणि त्याची शेवटची सही मिळेपर्यंत आयुष्यातली चार-सहा वर्षे निघून जातात. या शब्दाचा तिसरा अर्थ आम्हांला बऱ्याच उशिरा कळला. मासे गरवण्याच्या काठीवर ठरावीक अंतराने, धातूच्या बारीक पायांवर उभ्या केलेल्या ज्या लहानमोठ्या कड्या असतात, आणि ज्यांच्यातून दोरी रिळापासून काठीच्या टोकापर्यंत जाते, त्यांनाही गाइडच म्हणतात. मराठीत त्यांना निराळे नाव रुळलेले नाही. आम्ही त्यांना कडी म्हणतो. अर्थाला ते पुरते.

या कड्यांचा विचार करण्याची वेळ आमच्यावर आली ती आमच्या दुसऱ्या अर्थाच्या गाइडमुळे. सरांनी आयुष्यभर छंदःशास्त्र आणि मध्ययुगीन कविता शिकवली, आणि सुट्टीच्या दिवशी गावाजवळच्या पाझर तलावावर मरळ गरवली. या दोन गोष्टींत त्यांनी कधी संबंध जोडून दाखवला नाही; आम्हीही विचारला नाही. तीन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा सौम्य झटका आला. वाचा गेली नाही, चालणे सुटले नाही, पण डाव्या मनगटातली पकड गेली ती पुरती परतली नाही. सर उजव्या हाताने काठी फेकतात आणि मग ती डाव्या हातात घेऊन उजव्याने रिळाची मूठ फिरवतात. म्हणजे मासा लागल्यावर काठी सांभाळण्याचे सारे काम डाव्या मनगटाचे. त्यानंतरच्या एका हिवाळ्यात त्यांची जुनी काठी हातात फिरली आणि पाण्यात पडली. त्याबद्दल ते काही बोलले नाहीत. घरच्यांनी मात्र तलाव बंद करावा असे सुचवले. सरांनी आम्हांला बोलावून एवढेच सांगितले, "मासा मिळाला नाही तरी चालेल. पण काठी हातात उलटता कामा नये. तसली काही करता येते का बघ."

दुकानात तयार मिळणारी काठी सरासरी हातासाठी बनवलेली असते. सरांचा हात आता सरासरीत बसत नव्हता. म्हणून नुसती दांडी आणायची (बांधणारे तिला 'ब्लँक' म्हणतात) आणि मूठ, रिळाची बैठक आणि कड्या आपल्या हिशेबाने बसवायच्या असे ठरले. मूठ आणि बैठक यांचे निर्णय दोन संध्याकाळींत झाले. कड्यांनी दोन महिने घेतले. दांडी कारखान्यातून जशी येते तशीच राहते. तिच्यात आपल्याला काही बदलता येत नाही. पण ती कशी वाकेल, हातात कशी वागेल, दोरीला लागलेला धक्का बोटांपर्यंत किती पोहोचू देईल, यातले जे काही आपल्या हाती उरते ते बहुतेक कड्यांच्या निवडीत असते: त्या कशाच्या, केवढ्या, कोणत्या बाजूला, कुठे आणि किती.

मुळात कडी ही काठीची जन्मजात गरज नव्हे. मानवी इतिहासातला फार मोठा काळ काठ्या कड्यांशिवायच होत्या. आजही आपल्या ओढ्याकाठी पोरे बांबूच्या शेंड्याला तंगूस बांधून बसतात. त्यात कडी नाही. जपानमधल्या डोंगरी ओढ्यांवरची 'टेंकारा' ही पद्धत आजही दोरी टोकालाच बांधते. वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांना सोमेश्वराचा 'मानसोल्लास' ठाऊक असतो तो त्यातल्या मराठी ओळींमुळे. इ. स. ११२९ च्या सुमारास कल्याणीच्या चालुक्य राजाने रचलेल्या या संस्कृत ग्रंथातले मराठी पद्य हा आपल्या भाषेचा एक जुना पुरावा म्हणून आपण शिकवतो. ज्या 'विनोदविंशती'त ते गीतप्रकरण येते तिच्यातच 'मत्स्यविनोद' नावाचे एक प्रकरण आहे, आणि त्यात माशांच्या जाती, त्यांचे चारे, त्यांना गळाला लावण्याची रीत असा तपशील आहे. गाणे आणि गळ या दोन्ही गोष्टी एकाच राजाला एकाच विभागात ठेवण्याजोग्या वाटल्या, ही बाब आम्ही सरांना सांगितली तेव्हा त्यांनी मान हलवली. त्यांना ती अर्थातच ठाऊक होती.

दोरी टोकाला बांधलेली असली की मोठ्या माशापुढे माणसाकडे फारसे उपाय नसतात. आयझॅक वॉल्टनचा 'द कम्प्लीट अँग्लर' १६५३ साली प्रथम छापला गेला आणि पुढच्या आवृत्त्यांत वाढत गेला. त्यातला अनुभवी गरवणारा आपल्या शिष्याला सांगतो, की आवाक्याबाहेरचा मासा लागला तर आपण सरळ काठीच पाण्यात त्याच्या मागे टाकून देतो. मासा ती ओढत दमतो, मग काठी परत मिळवायची. काठी हातातून जाणे ही तेव्हा नामुष्की नव्हती. ती रीत होती. हा भाग वाचताना आम्हांला सरांची आठवण झाली नसती तरच नवल. त्याच ग्रंथात सॅमनविषयीच्या प्रकरणात एक लहानशी नोंद आहे. काहीजण काठीच्या टोकाला तारेची एक कडी लावतात, म्हणजे तिच्यातून दोरी हवी तेवढी लांब धावू शकते. आणि त्यासाठी काठीच्या मध्यावर किंवा हाताजवळ एक चाकही बसवतात. हे शब्दांनी समजावण्यापेक्षा प्रत्यक्ष पाहिलेले बरे, असे सांगून वॉल्टन पुढे जातो. कड्यांविषयी अडीच हजार शब्द लिहायला बसलेल्या माणसाने हे वाक्य ध्यानात ठेवलेले बरे.

टोकाची ती एक कडी आणि ते चाक यांच्यामध्ये पुढची साडेतीनशे वर्षे माणसे कड्या भरत आली आहेत. आधी सैल, लोंबत्या कड्या होत्या. पावसात त्या ओल्या होऊन काठीला चिकटत आणि दोरी अडे. मग उभ्या, पक्क्या कड्या आल्या. त्यांच्यातून दोरी वेगाने धावू लागली आणि धातूला खाचा पडू लागल्या, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कडीच्या आत अकीकाची चकती बसवू लागले. आपल्या दख्खनच्या काळ्या कातळातल्या पोकळ्यांत जो सापडतो तोच हा अकीक. तो गुळगुळीत आणि कठीण असतो, पण काठी दगडावर आपटली की तडकतो. त्यानंतर टंगस्टन कार्बाइड आले, कठीण क्रोमचा मुलामा आला, आणि विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत चिनी मातीच्या जातकुळीतली, पण तिच्याहून कितीतरी कठीण अशी ॲल्युमिनियम ऑक्साइड आणि सिलिकॉन कार्बाइड यांची कडी आली. कठीणपणा मोजण्याच्या मोहस् मापात अकीक सातच्या आसपास, ॲल्युमिनियम ऑक्साइड नऊ, सिलिकॉन कार्बाइड नऊच्याही वर.

हा कठीणपणा केवळ मिरवण्यासाठी नाही. दोरी बदलली म्हणून कडी बदलली. घोड्याच्या केसांची आणि रेशमाची दोरी जाऊन दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे नायलॉन आले. १९९० च्या दशकात पॉलिएथिलीनच्या अतिसूक्ष्म तंतूंची विणलेली दोरी सर्वत्र पसरली. ती ताणत नाही, त्यामुळे माशाने तोंड लावल्याचे लगेच कळते. पण ओल्या दोरीबरोबर वाळूचे कण ओढले जातात आणि मऊ धातूच्या कडीला करवतीसारख्या खाचा पडतात. खाच पडलेली कडी मग दोरी कापते. कडीला तडा गेला आहे की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. कापसाचा बोळा आतून फिरवावा, धागा अडकला तर तडा आहे. सर विणीचीच दोरी वापरतात, तेव्हा आमची निवड ॲल्युमिनियम ऑक्साइड आणि सिलिकॉन कार्बाइड यांच्यात उरली. सिलिकॉन कार्बाइड घर्षणाची उष्णता लवकर पसरवते, आणि तिची कडी पातळ करता येते म्हणून हलकी असते. आम्ही टोकाकडच्या सहा कड्या आणि टोपी (टोकावरच्या कडीला आम्ही टोपी म्हणतो) सिलिकॉन कार्बाइडच्या घेतल्या, आणि हाताजवळच्या दोन स्वस्तातल्या. वजनाच्या दृष्टीने हाताजवळची कडी जवळजवळ फुकट असते. टोकाकडचा भार मात्र अंतराच्या वर्गाने जाणवतो: दुप्पट अंतरावर ठेवलेला तोच ग्रॅम काठी फिरवताना चौपट आडवा येतो. निरोगी मनगटाला ही चैनीची चर्चा वाटेल. अशक्त मनगटाला ती वाटत नाही.

मग मापाचा प्रश्न. कडीचा क्रमांक म्हणजे ढोबळमानाने तिचा बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये. आतले भोक त्याहून लहान. कोणते माप घ्यायचे हे रिळावर ठरते. यॉर्कशरमधल्या ब्रॅडफर्डचे कापड-व्यावसायिक आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी १९०५ साली स्थिर फिरकीच्या रिळाचे पेटंट घेतले. गिरणीतल्या बॉबिनवरून सूत जसे टोकाकडून वेटोळी घेत सुटते, तशी दोरी या रिळावरून सुटते. ही वेटोळी आवरण्यासाठी पहिली कडी मोठी लागते आणि पुढच्या कड्या नरसाळ्यासारख्या झपाट्याने लहान होत जातात. हे नरसाळे किती मोठे असावे यावर बराच वाद झाला. १९९० च्या दशकात जपानच्या फुजी कंपनीने 'न्यू गाइड कन्सेप्ट' म्हणून जी मांडणी पुढे आणली तिचा गाभा असा, की वेटोळी सैल सोडू नयेत, लवकर आवळावीत आणि पुढे लहान, हलक्या कड्याच ठेवाव्यात. सरांचे रीळ मात्र आडव्या फिरकीचे, काठीच्या वर बसणारे. त्यातून दोरी सरळ सुटते, वेटोळी नसतात, त्यामुळे मोठ्या कडीचे कारणच नाही. आम्ही पहिली दहा क्रमांकाची, दुसरी आठ आणि पुढच्या साऱ्या सहा क्रमांकाच्या ठरवल्या. याहून लहान, दोन-तीन मिलिमीटर भोकाच्या कड्याही मिळतात आणि वजनाने त्या फार मोहक असतात. पण मरळ जिथे राहते तिथे शेवाळ असते, आणि शेवाळाचा एक तंतू ओल्या दोरीबरोबर त्या भोकात शिरला की तिथेच बुच बसते. शिवाय विणीच्या दोरीला पुढे नायलॉनचा तुकडा जोडलेला असतो. त्या जोडाची गाठही कडीतून विनातक्रार जायला हवी. तलाव पाहिला नसता तर आम्हीही मोहात पडलो असतो.

खरा पेच पुढचाच होता: कड्या कोणत्या बाजूला? आडव्या फिरकीचे रीळ काठीच्या वर बसते, म्हणून कड्याही वरच्या अंगाला लावण्याची रूढी आहे. दिसायला ते सरळ, शिस्तीचे दिसते. पण मासा लागून काठी वाकली की दोरी खाली ओढते आणि तिला ओढायचे असते काठीच्या वरून. वर ठेवलेले ओझे संधी मिळताच खाली घसरू पाहते. तशी ती काठी हातात फिरू पाहते. सशक्त मनगट हे फिरणे नकळत रोखून धरते आणि आपण रोखतो आहोत हेही त्याला कळत नाही. सरांची जुनी काठी का उलटली याचे उत्तर आम्हांला इथे मिळाले. दांडीला एक 'पाठ' असते, म्हणजे गुंडाळीत एका बाजूला ताठपणा थोडा अधिक राहतो. टोक धरून दांडी टेबलावर दाबून फिरवली की ती एका जागी उसळी घेते, तिथे ती पाठ सापडते. कड्या पाठीच्या रेषेत लावल्या की काठी फिरत नाही, असे जुन्या जाणकारांकडून ऐकू येते. आम्ही तसे करून पाहिले. फिरण्यात फरक पडला नाही. पडण्याचे कारणही नाही, कारण पिळाचा जोर दोरी दांडीच्या कोणत्या अंगाने ओढते यावर ठरतो, दांडीच्या पाठीवर नव्हे.

उपाय जुना आहे आणि विद्रूप आहे. पहिली कडी रिळाच्या रेषेत वर ठेवायची, पुढच्या दोन क्रमाक्रमाने कडेला वळवत न्यायच्या आणि उरलेल्या साऱ्या काठीच्या पोटाखाली लावायच्या. दोरी मग वेलीसारखी अर्धा वळसा घेते आणि पुढे खालूनच जाते. काठी वाकली की ओझे आधीच तळाशी असते. त्याला आणखी कुठे घसरायचे नसते. हात सैल सोडला तरी काठी आपल्या जागी राहते. अमेरिकेतले बांधणारे या पद्धतीला थट्टेने 'ॲसिड रॅप' म्हणत आले आहेत, कारण ती शुद्धीवरच्या माणसाने केलेली वाटत नाही. वळसा लहान असल्यामुळे फेकीत म्हणावा असा फरक पडत नाही. नुसत्या रबरी चकत्यांनी बसवलेला तो आराखडा सरांना दाखवला तेव्हा त्यांनी काठी डोळ्यांसमोर धरून तिच्यावरून नजर फिरवली आणि म्हणाले, "हिचा वृत्तदोष झालाय." आम्ही त्यांना काठी डाव्या हातात धरायला सांगितले आणि दोरीचे टोक खाली ओढले. काठी वाकली, पण फिरली नाही. सर बराच वेळ तसेच उभे राहिले. मग त्यांनी बोटे एकेक करून सैल सोडली, शेवटी काठी नुसती तळव्यावर टेकलेली राहिली. त्यांनी वृत्तदोषाचा विषय पुन्हा काढला नाही.

आता राहिला आकड्याचा प्रश्न. दांडी जितकी फूट तितक्या कड्या आणि वर एक, असा एक ठोकताळा आहे. सरांची काठी सात फुटांची, म्हणजे आठ. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार एका प्राध्यापकाला एका वेळी आठच संशोधक विद्यार्थी घेता येतात, हा योगायोग सरांच्या कानावर घालण्याचा मोह आम्ही आवरला नाही. पण ठोकताळा म्हणजे गाइडमधले आदर्श उत्तर. गुण मिळतात, काठी मिळत नाही. काठीला किती कड्या लागतात हे ती वाकवूनच पाहावे लागते.

त्याची रीत साधी आहे. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या बारीक चकत्या कापून त्यांनी कड्या तात्पुरत्या दांडीवर धरायच्या. मूठ गच्चीच्या कठड्याला घट्ट बांधायची, कड्यांतून दोरी ओवायची आणि तिच्या टोकाला बादली टांगायची. बादलीत एकेक मग पाणी ओतत जायचे. एक लिटर म्हणजे एक किलो, वेगळ्या तराजूची गरज नाही. मागे भिंत असली तर काठीची आणि दोरीची रेघ खडूने भिंतीवर काढता येते. भार वाढेल तसा वाक टोकाकडून मुठीकडे सरकतो. आता दोरीकडे पाहायचे. तिने दांडीच्या वाकाबरोबर वाकत जायला हवे, प्रत्येक कडीपाशी थोडे थोडे आणि सारखे. दोन कड्यांमध्ये अंतर फार पडले की दांडी वाकते आणि दोरी धनुष्याच्या प्रत्यंचेसारखी सरळ आडवी जाते. मग तेवढ्या भागाचा सारा ताण दोन कड्यांच्या पायांशी एकवटतो, आणि काठी मोडलीच तर तिथे मोडते. कड्या वरच्या अंगाला असल्या तर ही सरळ गेलेली दोरी दांडीलाच घासते. म्हणून वरच्या मांडणीला कड्या जास्त लागतात. आम्ही मोजले तेव्हा त्याच दांडीला वरून दहा लागल्या, वळशाच्या मांडणीला आठ. दोन कड्या, त्यांचे पाय, त्यांवरचा दोरा आणि लुकण इतके वजन टोकाकडून कमी झाले.

आठ कड्यांच्या जागा ठरवायला तीन रविवार लागले. कडी एक बोट पुढे सरकवली की शेजारचा कोन सुधारतो आणि पलीकडचा बिघडतो. शेवटी जी अंतरे उरली ती टोकाकडे दाट आणि मुठीकडे विरळ होत जाणारी होती. टोकाची दांडी बारीक, तिला आधार वारंवार हवा. मुठीकडची जाड, ती लांब पल्ला एकटी पार करते. खडूची ती रेघ सरांनी पाहिली आणि सवयीने हाताच्या बोटांवर मोजू लागले. "मंदाक्रांता," ते म्हणाले. "चार, सहा, सात." सतरा अक्षरांच्या त्या ओळीत यती चौथ्या अक्षरावर, मग सहा अक्षरांनी, मग सात अक्षरांनी येतो, दर टप्प्याला श्वास लांबत जातो. आम्ही काठीकडे असे कधी पाहिले नव्हते आणि यापुढे तसे न पाहणे अवघड आहे. यती ओळीला थांबवण्यासाठी नसतो. तो नसला तर ओळ म्हणणाऱ्याचा श्वास नको तिथे तुटतो. फार आले तर ओळ चालतच नाही, ठेचकाळते. किती यती हे कवीच्या हौसेवर ठरत नाही, ओळीच्या लांबीवर आणि तिच्या वळणावर ठरते.

सरांची शिकवण्याची रीत आम्हांला या तीन रविवारी अनेकदा आठवली. विद्यार्थ्याच्या प्रबंधात तळटीपा किती असाव्यात याविषयी ते कधी बोलत नसत. मजकूर वाचताना ते समासात पेन्सिलीने केवळ टिंबे देत. टिंबाचा अर्थ एवढाच, की इथे वाचक अडेल. तिथे टीप द्यायची, वाक्य बदलायचे की परिच्छेदच उचलून दुसरीकडे न्यायचा, हे ज्याचे त्याने ठरवायचे. दोन टिंबांमध्ये कधी वीस पाने जात. त्या वीस पानांत त्यांनी हात का घातला नाही असा प्रश्न अनेकांना पडे. काहींना ते दुर्लक्ष वाटे, आणि तसे त्यांनी इतरांपाशी बोलूनही दाखवले. गाइडने पानोपानी दिसावे अशी अपेक्षा असते. पण मार्गदर्शनाचेही वजन असते आणि ते ज्याला मार्ग दाखवायचा त्याच्याच अंगावर पडते, हे आम्हांला गच्चीवर दहावी कडी काढून ठेवताना जितके स्पष्ट दिसले तितके पूर्वी दिसले नव्हते. कमी कड्यांची काठी मोडते, जास्त कड्यांची काठी मंदावते. मंदावलेली काठी मोडत नाही, म्हणून तिच्याविषयी कोणी तक्रार करत नाही. माशाने तोंड लावल्याचा तो बारीकसा धक्का तेवढा हातापर्यंत येईनासा होतो.

आणि सरांना हवा होता तो नेमका तोच धक्का. मासा मिळाला नाही तरी चालेल, हे वाक्य आम्ही सुरुवातीला नम्रतेचे समजलो होतो. ते मागणीचे वाक्य होते. घरच्यांना काठी सुरक्षित हवी होती, आम्हांला पक्की हवी होती. आणखी एक-दोन कड्या, जाड पाय, दुहेरी दोरा अशी काळजी घेता आली असती, आणि ती घेताना आपण भले करतो आहोत असेच वाटले असते. काळजीची प्रत्येक कडी टोकाला जाऊन बसते. जे मनगट आधीच हलके झाले आहे त्याने ते ओझे का पेलावे?

बांधणी मात्र मन निववणारी होती. कडीचा पाय कानशीने घासून त्याची धार इतकी पातळ करायची की दोरा दांडीवरून पायावर पायरी न चढता चढेल. मग क्रिकेटच्या बॅटच्या मुठीला गुंडाळतात तसा वेढ्याला वेढा लावून रेशमासारखा नायलॉनचा दोरा गुंडाळायचा आणि शेवटच्या काही वेढ्यांखाली दोऱ्याचाच एक फास दडवून टोक त्यातून ओढून घ्यायचे, म्हणजे गाठ उरत नाही. पटवेकराच्या दुकानापुढे बसून ज्यांनी मंगळसूत्र गाठवताना पाहिले आहे त्यांना या कामाची शांतता सांगायला नको. वेढे पूर्ण झाले तरी कडी बोटाने किंचित हलवता येते. रेषा शेवटची तेव्हा जुळवायची. त्यावर इपॉक्सीचा पातळ थर द्यायचा आणि तो आवळेपर्यंत काठी संथपणे फिरवत ठेवायची, नाहीतर थर ओघळून एका बाजूला लोंबतो. टोपी मात्र इपॉक्सीने चिकटवत नाहीत. ती उष्णतेने वितळणाऱ्या डिंकाने बसवतात, म्हणजे पुढे कधी बदलायची झाली तर नुसती ऊब देऊन काढता येते. टोक हेच आधी झिजते.

काठी वाळल्यावर सरांच्या गच्चीत नेली. त्यांनी डाव्या हातात धरली, आम्ही बादली टांगली. काठी वाकली, स्थिर राहिली. सरांनी मग उजव्या हाताच्या बोटाने टोकापासून कड्या मोजल्या.

"आठ?"

"आठ."

"सातात भागलं असतं."

आम्ही खडूच्या रेघांचा फोटो काढून आणला होता. सात कड्यांवर चौथी आणि पाचवी यांच्यामध्ये दोरी कशी सरळ जाते ते त्यांना दाखवले. त्यांनी तो नीट पाहिला. चश्मा काढून पुन्हा पाहिला. "तुझ्या बादलीला आठ लागतात," ते म्हणाले. "मरळीला किती लागतात ते तलावावर बघू."

तलावावर जाण्याचा दिवस अजून ठरलेला नाही. पाणी ओसरायचे आहे, आणि घरच्यांची परवानगी हा स्वतंत्र विषय आहे. सर तो आपल्या पद्धतीने, फारसे न बोलता, सोडवत आहेत. काठी त्यांच्या पुस्तकांच्या कपाटाला टेकून उभी असते. दोऱ्याचा उरलेला गुंडा आणि सहा क्रमांकाच्या दोन कड्या आम्ही डबीत घालून ठेवल्या आहेत. एखादी कडी काढायची झाली तर पात्याने पायावरचा दोरा कापला की ती निघते. दांडीला ओरखडाही पडत नाही. एखादी वाढवायची झाली तर दोन संध्याकाळी पुरतात.